पांढऱ्या लेन्सचा निकाल

८ जानेवारी, सोमवार

आज ती जवळून पाहिली. पांढरी, जाडजूड, फुफू कांडायच्या मुसळाएवढी. कॅमेऱ्याला लावली की कॅमेराच तिला लटकलाय असं वाटतं. एबो तिला छातीशी धरून दुकानात शिरला, दवाखान्यातून बाळ घरी आणतात तसा.

एबो म्हणजे कोबिनाचा चुलतभाऊ. कोबिना म्हणजे माझा होणारा जावई. केप कोस्टची, समुद्राकाठची मंडळी. बोलायला गोड, जेवायला पुढे, आणि तीन शब्द बोलले तर त्यातले दोन इंग्रजी. एबो तिकडे लग्नांचे फोटो काढतो. लेन्स केवढ्याला, मी विचारलं नाही. माझ्या मुलीने, अडोमाने, मागाहून आपणहून सांगितलं. तेवढ्या पैशांत सुआमेच्या गॅरेजवाल्यांकडे जुनी टॅक्सी मिळते. टॅक्सी निदान हॉर्न तरी वाजवते.

मी कुमासीत तीस वर्षं फोटो काढतोय. आसाफोच्या चौकात कोणालाही विचारा, 'क्लिअर कॉन्शन्स फोटो स्टुडिओ', मास्टर बेदियाको. रोल गेले, कार्डं आली, तीन कॅमेरे झिजले. लेन्स एकच, पहिल्या कॅमेऱ्याबरोबर फुकट मिळालेली. जो येईल त्याला मी हेच सांगत आलोय: लेन्स काही करत नाही, मागचा माणूस करतो.

संध्याकाळी अडोमा म्हणाली, बाबा, मागणीच्या दिवशी फोटो एबो काढेल. तुम्ही कॅमेरा घेऊ नका. बापाच्या खुर्चीत बसा. मला तुम्ही तिथे हवे आहात.

खुर्चीत बसा! स्वतःच्या मुलीच्या मागणीत मी पाहुणा. शी.

कार्यक्रम दहा फेब्रुवारीला.

१० जानेवारी, बुधवार

निश्चय केले. रागवायचं नाही. शास्त्रीय पद्धतीने जायचं. महाग लेन्सने फोटो चांगला येतो हे थोतांड आहे, हे दहा फेब्रुवारीच्या आत सिद्ध करायचं. म्हणजे अडोमा आपणहून म्हणेल, बाबा, तुम्हीच काढा. रोज सकाळी चालायला जायचं. (उद्यापासून. आज हरमाटन वाऱ्याची धूळ फार आहे.)

बायकोने, डुफीने, विचारलं, अहो, शास्त्रीय म्हणजे काय करणार? रागावलो.

१३ जानेवारी, शनिवार

आनंदाचा दिवस. मिसेस बोआतेमा रडत दुकानात आल्या.

गेल्या रविवारी एबोने चर्चमध्ये फुकट फोटो काढले होते, पाहुणा म्हणून. बोआतेमाबाई महिला मंडळाच्या अध्यक्ष. त्यांचा चेहरा त्याने त्या पांढऱ्या मुसळाने लांबून टिपला. हनुवटीवरचा एकूण एक केस. नाकावरचं एकूण एक भोक. पावडर कुठे संपते ती सीमारेषा. बाई म्हणाल्या, मास्टर, हा माणूस फोटोग्राफर आहे का कातडीचा डॉक्टर? मी म्हणालो, बाई, तुमचा दोष नाही, लेन्सचा आहे.

मग कॉम्प्युटरवर त्यांचा चेहरा पुसत बसलो. केस पुसले, भोकं पुसली, उकडून सोललेल्या अंड्यासारखा गुळगुळीत केला. बाई म्हणाल्या, हं, आता मी दिसले.

यावर विचार केला पाहिजे. माणूस टॅक्सीच्या किमतीची लेन्स घेतो, ती केस न् केस पकडते, आणि मग तो बसून केस न् केस पुसतो. याला काय म्हणायचं? माझी लेन्स मुळात केस पकडतच नाही. तिच्या आत डावीकडे वरच्या बाजूला बुरशीचं जाळं धरलंय, बरीच वर्षं झाली. खिडकीचा उजेड समोरून आला की त्या कोपऱ्यात दुधाचा ओघळ आल्यासारखं दिसतं आणि सगळे चेहरे मऊ होतात. बायकांना आवडतं. लोक यासाठी सॉफ्टवेअर विकत घेतात. मला देवाने दिलं.

हे डुफीला समजावलं. ती म्हणाली, घरात पंख्यालाही जाळी झालीत. तीही देवाचीच ठेवू का?

१७ जानेवारी, बुधवार

पहिली जाहीर चाचणी. चर्चच्या त्याच रविवारचा एक ग्रुप फोटो मीही खांबाआडून काढला होता. माझा आणि एबोचा, दोन्ही एकाच मापाचे प्रिंट केले आणि दुकानाबाहेरच्या बाकावर ठेवले. नावं नाहीत, खुणा नाहीत. येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच प्रश्न: यातला भारी लेन्सचा कोणता?

केंकी, म्हणजे मक्याचे उकडलेले गोळे, विकणारीने क्षणात एबोचा उचलला. कारण विचारलं. म्हणे, दुसऱ्यात माझे डोळे मिटलेत. बाद. शेजारच्या न्हाव्याने दोन्ही पाहिले आणि म्हणाला, यात मी कुठाय? तो त्या रविवारी चर्चला आलाच नव्हता, हे सांगितल्यावर त्याचा रस गेला. बाद. पास्टर म्हणाले, देवाच्या नजरेत दोन्ही सारखे. हे मत मी माझ्या बाजूने धरलं. एक गृहस्थ म्हणाले, या फोटोत मी बारीक दिसतो, हाच भारी. एबोचा. बाद, कारण पोट लपवायला समोर मिसेस बोआतेमा उभ्या आहेत.

डुफीने मात्र माझा उचलला. विचारलं, का? म्हणाली, तुम्ही केव्हापासून त्याच्याकडेच बघत होतात, म्हटलं एबोचा असेल.

निष्कर्ष: लेन्स कोणी बघतच नाही. जो तो फक्त स्वतःला शोधतो. म्हणजे मुद्दा सिद्ध. फक्त सिद्ध झालेला कोणाला कळला नाही.

चालायला गेलो नाही. धूळ.

२१ जानेवारी, रविवार

डुफीने विचारलं, शब्द पाठ आहेत का? बापाने विचारायचे शब्द. हसू आलं. जन्मभर लोकांच्या मागण्यांत ते कॅमेऱ्यामागून ऐकतोय. मुलाकडचे दारूच्या बाटल्या मांडतात. बाप मुलीला विचारतो, ही माणसं बाटल्या घेऊन आलीत, घ्यायच्या का? ती हो म्हणते. पुन्हा विचारतो, हो. तिसऱ्यांदा विचारतो, हो. टाळ्या. तिसऱ्या होकारानंतर दोन घरं एक. यात पाठ काय करायचं?

डुफी म्हणाली, अहो, तुम्ही ते मागून बघितलंत. खुर्चीत बसून नाही.

तिच्या या वाक्यानेच डोक्यात उजेड पडला. खुर्चीतून! बापाच्या जागेवरून, बापाच्या डोळ्यांनी, मुलगी तिसऱ्यांदा हो म्हणताना. असा फोटो कुमासीत कोणी काढलेला नाही. एबोने टॅक्सीच्या काय, ट्रकच्या किमतीची लेन्स आणली तरी त्याला ती जागा मिळणार नाही. हाच फोटो अडोमाच्या घरात भिंतीवर लागेल. माझा.

नेमकी संध्याकाळी अडोमाने वचन मागितलं. बाबा, मला विचारताना तुमच्या हातात कॅमेरा नको. वचन द्या. दिलं. (हातात. मांडीवर काय असेल यावर बोलणं झालं नाही.)

२६ जानेवारी, शुक्रवार

प्रयोग ठरला. आधी का सुचलं नाही?

आमचे दोघांचे कॅमेरे एकाच कंपनीचे. त्याची लेन्स माझ्या कॅमेऱ्याला बसते, माझी त्याच्या. मागणीच्या सकाळी पाहुण्यांच्या बॅगा आतल्या खोलीत असतील. त्याच्या लेन्सच्या पिशवीत माझी लेन्स ठेवायची आणि त्याची मी वापरायची. चोरी नव्हे. संध्याकाळी परत जागच्या जागी. यालाच विज्ञान म्हणतात.

आता निकाल पाहा. माझ्या लेन्सने एबोचे फोटो बिघडले, तर एबो म्हणजे कोणीच नाही, सगळी करामत लेन्सची होती, हे अडोमाला कळेल. फोटो चांगले आले, तर लेन्स म्हणजे काहीच नाही, मी आधीपासून सांगतोय तेच. दोन्हीकडून मीच जिंकतो. तिसरी शक्यता शोधली. सापडली नाही.

२ फेब्रुवारी, शुक्रवार

एबो हॉल बघायला आला. माझ्यासाठी धुरात वाळवलेले मासे घेऊन. लाच.

अतिशय नम्रपणे विचारतो, काका, तुम्ही या हॉलमध्ये इतकी वर्षं काढलेत, दुपारी उजेड कुठून चांगला? इतकी नम्रता म्हणजे काहीतरी गडबड असते. मी म्हणालो, खिडकीकडे तोंड करून उभा राहा. उजेड सरळ लेन्समध्ये घे. पहिल्या महिन्यातला शिकाऊसुद्धा असं करणार नाही. तो म्हणाला, थँक्यू काका. लिहून घेतलं त्याने!

मग दुकानाच्या काचेसमोर उभा राहिला. तिथे अडोमाचा सात वर्षांची असतानाचा फोटो आहे. शाळेचा गणवेश, पुढचे दोन दात पडलेले, माझ्याकडे बघून खो खो हसतेय. बराच वेळ बघत होता. विचारलं, काका, हा कोणत्या लेन्सने? मी म्हणालो, याच, फुकटच्या. त्याने ती हातात मागितली. उजेडात धरली, फिरवली, आतलं जाळं पाहिलं. म्हटलं, आता हसेल. हसला नाही. फक्त म्हणाला, हिने काढलाय होय.

ढोंगी. डुफी त्या माशांचं सूप करायला निघाली होती. मी जेवणार नाही म्हणालो. मग थोडं जेवलो. मासे खारट होते. दुसऱ्यांदा घेतल्यावर तर फारच खारट लागले.

९ फेब्रुवारी, शुक्रवार

तयारी पूर्ण. अंगावर केंटेचं वस्त्र, खांद्यावरून घेतलेलं, त्याच्या घड्यांत कॅमेरा बेमालूम लपतो. आरशासमोर करून पाहिलं. अडचण एकच, लेन्सचा रंग. पांढरं मुसळ लांबून दिसेल. उपाय: फुटबॉलचा काळा मोजा. बोटांकडची बाजू कापली, आत पावडरचा डबा घालून पाहिला. छान बसतो.

माझी बहीण पोकुआ आमच्या बाजूने बोलणार, मागण्यांत बोलणं हा तिचा धंदाच. तिने मला दारात गाठून दम दिला. दादा, उद्या मी बोट वर केलं की विचारायचं, खाली केलं की गप्प बसायचं. आयुष्यात एकदा तरी बापासारखा बस. मी म्हणालो, तू तुझं तोंड सांभाळ. ती म्हणाली, माझ्या तोंडाचे लोक पैसे देतात, तुझ्या फोटोंचे द्यायला टाळतात.

रागावलो नाही. उद्या सगळे बघतील.

१० फेब्रुवारी, शनिवार. सकाळ

अदलाबदल झाली. कोणी पाहिलं नाही. एका चिमुरडीने पाहिलं, तिला टॉफी दिली.

लेन्स भयंकर जड. हिच्यात काच आहे का लोखंड? खांदा आत्ताच भरून आलाय. मोजा मस्त दिसतोय.

मुलाकडची मंडळी फाटकाबाहेर गाणी म्हणत उभी आहेत. पोकुआ त्यांना आत घ्यायला तयार नाही, म्हणतेय तुम्ही रस्ता चुकलात, इथे मुलगी नाही. आणखी थोडा वेळ ताणेल. एबो माझ्याकडे पाठ करून बॅगेवर वाकलाय. सरळ झाला. माझ्याकडे वळून हसला. काही कळलेलं नाही त्याला.

दुपार. संडासातून.

घोळ. मोठा घोळ. नंतर लिहितो. कोणीतरी दार वाजवतंय.

संध्याकाळ

शांतपणे लिहितो. चूक कोणाची ते आपोआप कळेल.

अडोमाला आत आणलं. माझ्यासमोर उभी केली, इतकी जवळ की तिच्या मण्यांचा आवाज येत होता. काय दिसत होती! पोकुआने बोट वर केलं. मी विचारलं, अडोमा, ही माणसं बाटल्या घेऊन आलीत. घ्यायच्या का? विचारता विचारता मांडीवरचा कॅमेरा पोटाशी घेतला, वस्त्र बाजूला केलं आणि कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर नजर ठेवून बटण दाबलं. लेन्स म्हणाली, घर्र. पुढे गेली, मागे आली, घर्र. फोकस नाही. अडोमा म्हणाली, हो.

दुसऱ्यांदा विचारलं. घर्र घर्र. टॅक्सीची किंमत, आणि समोर उभी पोरगी दिसत नाही! अडोमा म्हणाली, हो.

तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी खरं म्हणजे लेन्सशीच बोलत होतो. घर्र घर्र घर्र. अडोमा म्हणाली, हो. पोकुआने बोट खाली केलं. लोकांनी टाळ्यांसाठी हात उचलले. आणि माझ्या तोंडातून, आपोआप, तीस वर्षांच्या सवयीने निघालं: थांब, एकदा परत. घ्यायच्या का?

चौथ्यांदा.

कोणाचेच हात खाली येईनात. बापाने चौथ्यांदा विचारणं म्हणजे काय, हे तिथल्या तान्ह्या पोरांनाही माहीत होतं. कोबिनाचे मोठे काका उठून उभे राहिले. म्हणाले, आमच्या मुलाबद्दल वधूपित्याच्या कानावर काही आलं असेल तर आत्ता, सर्वांसमोर सांगावं. आम्ही बाटल्या उचलतो आणि केप कोस्टला जातो. बस अजून चालू आहे.

मी घाईघाईने उठायला गेलो. वस्त्र घसरलं. मोजा घातलेलं मुसळ दोनशे माणसांसमोर बाहेर आलं आणि मांडीवर आडवं झालं. म्हणून मग मी मान वर केली. अडोमाकडे पाहिलं. तिला सांगायचं होतं की माझ्या मनात काही नव्हतं, फक्त फोकस होत नव्हता.

आणि अडोमा हसली. डोळे भरून वाहत होते आणि पोट धरून हसत होती. म्हणाली, हो बाबा, हो! आता किती वेळा?

पोकुआने वेळ मारून नेली. म्हणाली, मंडळी, माझ्या भावाचा एक कान हरमाटनने भरलाय, पहिला होकार त्याला ऐकूच आला नव्हता. हशा झाला. काका बसले, पण एक उंची बाटली आमच्याकडून दंड म्हणून घेतल्यावर.

सगळं झाल्यावर अडोमा जवळ आली. वाटलं आता वचनाबद्दल बोलेल. ती म्हणाली, तीन वेळा तुम्ही लेन्सला विचारलंत, बाबा. चौथ्यांदा मला.

पोरगी दमली असावी. अर्थ लागला नाही.

ता. क. लेन्स परत ठेवायची राहिली. बस लवकर सुटली. एबो माझी लेन्स घेऊन केप कोस्टला गेला.

११ फेब्रुवारी, रविवार

माझे फोटो पाहिले. एकूण नऊ. एकात कान. एकात केंटेचा पिवळा धूर. एकात पोकुआचं बोट, तेही अर्धं. बाकीच्यांत काय आहे यावर तज्ज्ञांत मतभेद होतील.

लेन्स नीट तपासली. बाजूला एक बारीकसा खटका आहे. त्यावर लिहिलंय की या बाजूला ठेवला तर जवळचं दिसणार नाही. जवळचं न दिसायला वेगळा खटका! यासाठी लोक पैसे देतात! शिसारी आली.

प्रयोगाचा अर्धा भाग सिद्ध: पांढरी लेन्स निरुपयोगी. उरलेला अर्धा एबोकडून येईल. खिडकीचा उजेड सरळ आत घेऊन, जाळं धरलेल्या लेन्सने त्याने काय काढलं असेल, या विचाराने आज बऱ्याच दिवसांनी भूक लागली.

१३ फेब्रुवारी, मंगळवार

एबोचा फोन नाही. माणसाची टॅक्सी हरवली तर तो फोन करतो. हा करत नाही. पोलिसात गेला असेल का? लेन्स मोज्यासकट तांदळाच्या पोत्यात ठेवली.

डुफीने संध्याकाळी तांदूळ काढले. जेवताना फक्त विचारलं, या वर्षी पीक कसं आहे?

१५ फेब्रुवारी, गुरुवार

फोटो आले. सगळ्यांच्या फोनवर एकदम. त्यात एक फोटो आहे, तो सकाळपासून अख्खा आसाफो एकमेकांना दाखवतोय. केंकीवालीने तो मलाच आणून दाखवला, मी पाहिला नसेन म्हणून.

फक्त अडोमा. चौथ्या होच्या वेळची. हसतेय, रडतेय, फोटोबाहेर कोणाकडे तरी बघतेय. खाली कोपऱ्यात कोणाच्या तरी मांडीवरचा काळा मोजा. उजेड तिच्याभोवती सायीसारखा. फोनच्या बोटभर पडद्यावर सुद्धा बघवत नाही इतका चांगला.

मन मोठं केलं पाहिजे. मी मान्य करतो. महाग लेन्सने फरक पडतो. उघड आहे, एबोच्या बॅगेत दुसरीही लेन्स होती, पहिलीपेक्षा भारी. माझी त्याने हातसुद्धा न लावता बाजूला ठेवली असणार. हा उजेड टॅक्सीचा नाही, हा बसचा आहे. माझ्याकडे अशी असती तर मीही हेच काढलं असतं. लेन्स म्हणजे शेवटी लेन्सच.

डुफीला हे सांगितलं. म्हटलं, अगं, सगळा खेळ काचेचा असतो. तिने हातातलं टोपलं खाली ठेवलं. म्हणाली, मग गेला महिनाभर या घरात काय चाललं होतं?

निश्चय: पैसे साठवायचे. भारी लेन्स घ्यायची. फोटो परत एकदा पाहिला. मग परत.

१८ फेब्रुवारी, रविवार

चर्चमध्ये नव्या जोडप्यासाठी आभाराची प्रार्थना. मुलाकडचे सगळे आले. एबोही. बसायला मी मुद्दाम खांबाआड जागा धरली.

प्रार्थनेनंतर पास्टरांनी विचारलं, कोणाला काही सांगायचंय? एबो उठला. मी आणखी खांबाआड सरकलो. तो पुढे गेला. कापडात गुंडाळलेलं काहीतरी मोठं त्याच्या हातात होतं. कापड काढलं. तोच फोटो, मोठा केलेला, चौकटीत.

तो म्हणाला, या कामाचं श्रेय मला देऊ नका. मागणीच्या सकाळी मी बॅग उघडली तर माझ्या लेन्सच्या जागी काकांची लेन्स होती. जिने त्यांनी अडोमाचा लहानपणचा तो फोटो काढला, ती. दुकानात मी ती एकदाच हातात मागितली होती, आणि काकांनी न बोलता स्वतःची मला दिली, माझी स्वतःकडे घेतली. दोन घरं एक होतात ती बाटल्यांनी होत असतील, आमच्यात ती अशी झाली. उजेड कुठून घ्यायचा तेही काकांनीच सांगितलं. हा फोटो त्याच लेन्सचा आहे.

सगळं चर्च उठून उभं राहिलं. टाळ्या. पोकुआने शेजारून माझा दंड दाबला आणि कानात म्हणाली, दादा, तुझ्यात एवढी अक्कल कुठून आली?

मी फोटोकडे पाहत होतो. डावीकडे, वर. दुधाचा ओघळ. माझं जाळं. आंघोळ करताना स्वतःची जखमेची खूण ओळखावी तसं ओळखलं. दुसरी कुठली लेन्स नव्हतीच. टॅक्सी नाही, बस नाही. माझीच, फुकटची.

बाहेर आल्यावर एबोने हळूच गाठलं. काका, माझी आता परत द्या. मोज्यासकट दिलीत तरी चालेल. चेहरा सरळ होता. डोळे मुळीच सरळ नव्हते. मग म्हणाला, पण तुमची मी ठेवू का? बाजूला अडोमा उभी होती. कोबिना उभा होता. त्याचे मोठे काका उभे होते.

ठेव, मी म्हणालो.

संध्याकाळी प्रयोगाचा निकाल लिहायला बसलो. त्या दिवशी त्याच्याकडे माझी लेन्स, माझ्याकडे त्याची. माझे नऊ, त्याचा एक. म्हणजे लेन्सने काही फरक पडत नाही. मी म्हणत होतो ते शब्दन् शब्द खरं ठरलं. मी जिंकलो.

लेन्स काही करत नाही, मागचा माणूस करतो. 'मागचा माणूस' या शब्दांखाली रेघ ओढली. चहा थंड झाला.

२३ फेब्रुवारी, शुक्रवार

मोठा फोटो अडोमाने मला दिला. स्वतःसाठी तिने दुसरा करून घेतला. तिच्या आग्रहावरून दुकानाच्या काचेत लावला, सात वर्षांच्या अडोमाशेजारी. डुफी दोन्हींसमोर उभी राहिली आणि म्हणाली, तेव्हाही तुम्हालाच हसत होती, आताही तुम्हालाच हसतेय. मग भाजीला गेली.

एबोची परत दिली, माझी त्याच्याकडे. कॅमेऱ्याला लेन्स नाही. त्यामुळे दुकान उघडून नुसता बसलो. दुपारी मिसेस बोआतेमा आल्या. त्या गावाकडे कोणाच्या तरी दफनाला गेल्या होत्या, रविवारचं त्यांना काही ठाऊक नव्हतं. काचेसमोर थांबल्या. हा फोटो बघ, तो फोटो बघ. डोळ्याला रुमाल लावला.

म्हणाल्या, मास्टर, इतकी वर्षं झाली, पण दोन्हींत हात तोच.

मी म्हणालो, लेन्स तीच आहे.

अहो, लेन्सने काय होतं?

मी म्हणालो, काही नाही.